मुंबईचे हस्तांतर आणि कॅथलिक धर्मसत्ता : बेट इंग्रजांचे, बिशप कोणाचा?

शाळेच्या इतिहासात मुंबईचे हस्तांतर एका वाक्यात उरकते. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला आणि मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले. विद्यार्थ्यांना ही गोष्ट गमतीची वाटते, परीक्षेत तिच्यावर दोन गुण मिळतात आणि विषय तिथेच मिटतो. परंतु २३ जून १६६१ च्या त्या तहात मुंबईविषयी जे अकरावे कलम आहे, त्यात आणखी एक बाब नमूद आहे. बेटावर जे रहिवासी राहतील त्यांना रोमन कॅथलिक धर्माचे आचरण पूर्वीप्रमाणेच मोकळेपणाने करता येईल, अशी हमी इंग्लंडच्या राजाने दिली होती. एका प्रॉटेस्टंट राजाने, इंग्लंडमध्ये कॅथलिकांवर अनेक कायदेशीर बंधने असताना, हिंदुस्थानातील कॅथलिक रयतेला दिलेली ही हमी होती आणि ती बऱ्याच अंशी पाळलीही गेली.

तरीसुद्धा पुढील जवळजवळ पावणेतीनशे वर्षे मुंबईतील कॅथलिक समाजात भांडणे चालू राहिली, आणि ती प्रॉटेस्टंटांशी नव्हती. प्रश्न घरातलाच होता. धर्म पाळण्याची मोकळीक तहाने दिली, पण त्या धर्माचा कारभार कोणी पाहायचा, पाद्री कोणी नेमायचा, चर्चची मिळकत कोणाच्या नावावर राहायची, याविषयी तहात काही स्पष्ट केले नव्हते. धर्मस्वातंत्र्य आणि धर्माधिकार हे दोन निराळे प्रश्न आहेत. मुलुख एका राजाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा पहिल्याचे उत्तर कागदावर लिहिणे सोपे असते. दुसऱ्याचे उत्तर लिहायला कोणी तयार नसते, कारण त्यात पैसा, निष्ठा आणि हुकूमत या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या असतात.

पाद्रुआदो आणि प्रोपगांडा

हे भांडण समजायचे तर दोन शब्द समजून घ्यावे लागतात. पहिला शब्द पाद्रुआदो. पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत पोपनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील धर्मप्रसाराचे एक प्रकारचे आश्रयदातेपद बहाल केले. राजाने चर्च बांधायची, पाद्र्यांचा खर्च सोसायचा, जहाजे पुरवायची. आणि त्या बदल्यात बिशप कोण असावा हे राजाने सुचवायचे व पोपने त्यावर शिक्कामोर्तब करायचे. १५३४ मध्ये गोव्याला बिशपची गादी मिळाली आणि दोन तपांनी ती आर्चबिशपची झाली. मुंबई, साष्टी, वसई हा सगळा उत्तर कोकणचा पट्टा या गादीखाली होता.

दुसरा शब्द प्रोपगांडा. आज या शब्दाला अपप्रचाराचा वास येतो, पण मुळात ते रोममधील एका खात्याचे नाव होते. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये धर्मप्रसाराचे काम थेट रोमच्या हाती घेण्यासाठी हे खाते स्थापन केले. पोर्तुगालच्या राजाला दिलेला अधिकार रोमला आता जाचू लागला होता. पोर्तुगालची ताकद उतरणीला लागली होती, आशियाचा फार मोठा भाग तिच्या हाताबाहेर होता, आणि तरीही तिथे बिशप पाठवायचा तर लिस्बनची संमती घ्यावी लागे. रोमने यावर एक तोड काढली. नवीन गादी स्थापन न करता, पोपचा प्रतिनिधी म्हणून एखाद्या बिशपला त्या प्रदेशात पाठवायचे. त्याला व्हिकर अपोस्टोलिक म्हणत. गादी नाही, म्हणून राजाची शिफारस नाही. लिस्बनला अर्थातच ही पळवाट वाटली.

डिचोलीचा बिशप

या पळवाटेतून हिंदुस्थानात आलेला पहिला माणूस गोव्याचाच होता, हे आमच्या भागातील शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. मातेउस द कास्त्रो हा दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला. त्याला पाद्री व्हायचे होते, पण गोव्याच्या आर्चबिशपने स्थानिक माणसाला गुरुदीक्षा द्यायचे नाकारले. तो रोमला गेला, तिथे शिकला, तिथे त्याला दीक्षा मिळाली. आणि १६३७ मध्ये रोमने त्याला बिशप करून परत पाठवले. त्याचे कार्यक्षेत्र होते विजापूरच्या आदिलशाहीचा मुलुख. रोमच्या दप्तरात या प्रदेशाचे नाव ‘इदलकान’ असे येते. आदिलखान या शब्दाचा तो पोर्तुगीज उच्चार आहे.

गोव्याने त्याचा अधिकार मानला नाही. तेव्हा या कॅथलिक बिशपने आपले ठाणे टाकले ते डिचोलीत, म्हणजे आदिलशाही हद्दीत. पोर्तुगीज राज्यात ज्याला धर्मगुरू म्हणून जागा नव्हती त्याला मुस्लिम सुलतानाच्या राज्यात राहायला, चर्च उभारायला परवानगी मिळाली. यात सुलतानाच्या उदारपणाचा भाग किती आणि गोव्याच्या डोळ्यांत सलणारा माणूस जवळ ठेवण्याचा राजकीय हिशेब किती, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दोन्ही खरे वाटतात. पोर्तुगीजांनी मात्र त्याच्यावर विजापूरला गोव्याविरुद्ध चिथावल्याचा आरोप केला. त्याच्यानंतर १६६९ मध्ये त्या पदावर कुस्तोदियु द पिन्यु आला, तोही गोमंतकीयच. पुढे याच पदाचे कार्यक्षेत्र मोगल मुलुखापर्यंत वाढले आणि त्याला ‘महान मोगलाच्या राज्याचा व्हिकर अपोस्टोलिक’ असे नाव पडले. मुंबईच्या कथेत या पदाला मोठे काम आहे.

खाडीच्या अलीकडे, खाडीच्या पलीकडे

१६६१ चा तह झाला तरी बेट प्रत्यक्ष हाती यायला इंग्रजांना १६६५ साल उजाडावे लागले. मधल्या काळात सर अब्राहम शिपमन आणि त्याचे बहुतेक शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत पाहतच मेले. गोव्याचा व्हाइसरॉय अंतोनियु द मेलु द कास्त्रु बेट द्यायला राजी नव्हता. मुंबईत इंग्रज बसले की पोर्तुगालचा हिंदुस्थान गेलाच म्हणून समजावे, असे त्याने आपल्या राजाला कळवले होते. अखेर शिपमनचा चिटणीस हम्फ्री कुक याने जानेवारी १६६५ मध्ये व्हाइसरॉयच्या बहुतेक अटी मान्य करून फेब्रुवारीत बेट ताब्यात घेतले. या अटींत चर्चच्या कारभारात हात न घालण्याची होती, तशीच पोर्तुगीज गावांतून पळून येणाऱ्या कुणबी, भंडारी आदी लोकांना मुंबईत थारा न देण्याचीही होती. व्हाइसरॉयला माणसे हातची जाण्याची धास्ती होती. माणसे गेली की शेते ओस पडतात आणि चर्चेही. चार्ल्स राजाने कुकचा हा करार पुढे फेटाळून लावला.

गंमत अशी की ज्या वर्षांत बेट हातचे जात होते त्या वर्षांत गोव्याला आर्चबिशपच नव्हता. १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनचे जोखड झुगारले, पण पोपने नव्या राजाला बराच काळ मान्यता दिली नाही आणि त्याने सुचवलेले बिशपही मंजूर केले नाहीत. त्यामुळे १६५२ मध्ये आर्चबिशप वारल्यावर ही गादी वीस वर्षांहून अधिक काळ रिकामी राहिली. कारभार प्रशासक मंडळी पाहत. ज्यांनी मुंबईच्या कॅथलिकांच्या वतीने ठामपणे बोलायचे ती जागाच मोकळी होती.

बेटावर राजवट बदलली, पण चर्चचा कारभार होता तसाच चालू राहिला. मुंबई, माझगाव, दादर आणि माहीम येथील चर्चमध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्री होते. त्यांचे वरिष्ठ वसईला आणि गोव्याला. माहीमची खाडी ही आता दोन राज्यांची हद्द झाली होती. पलीकडे वांद्रे, तिथे जेझुइटांचे महाविद्यालय आणि पोर्तुगीज अंमल. अलीकडे इंग्रजांची जकात चौकी. पण खाडीच्या दोन्ही तीरांवरचे कोळी एकाच धर्मसत्तेखाली होते आणि त्यांच्या पाद्र्यांचे हुकूम पलीकडून येत होते.

इंग्रजांना हे खुपू लागायला फार काळ लागला नाही. १६६८ मध्ये राजाने हे बेट सालाना दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. कंपनीला व्यापारासाठी वस्ती हवी होती, म्हणून तिने धर्माच्या बाबतीत सैल हात ठेवला. १६७७ मध्ये दीवच्या नीमा पारख या वाण्याने मुंबईत येऊन राहण्यापूर्वी आपल्या लोकांच्या धर्माचरणात ढवळाढवळ होणार नाही अशी हमी मागितली आणि ती त्याला मिळाली. त्या काळी गोव्यात धर्मन्यायालय चालू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे अशा हमीचे मोल कळते. पण वाण्यांचे किंवा पारशांचे धर्मगुरू शेजारच्या राज्याच्या गव्हर्नराला बांधलेले नव्हते. कॅथलिक पाद्र्यांचे तसे नव्हते. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकुतखानाने मुंबईवर चाल केली, तेव्हा वांद्र्याच्या जेझुइटांनी त्याला मदत केली असा आळ घेऊन कंपनीने बेटावरील त्यांच्या जमिनी जप्त केल्या. आळ खरा की जमिनीवर डोळा होता, याविषयी दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे.

१७२० चा हुकूम

चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत, १७१८ च्या नाताळात, कोटातले सेंट थॉमस चर्च उघडले. म्हणजे बेट मिळाल्यावर अर्धशतकाहून अधिक काळ इंग्रजांना स्वतःचे धड चर्चदेखील नव्हते. किल्ल्यातल्या एका दालनात ते प्रार्थना उरकत. आपले चर्च उभे राहिल्यावर दोन वर्षांनी, मे १७२० मध्ये, बूनने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना बेट सोडून जाण्याचा हुकूम काढला. ते पोर्तुगालच्या राजाशी एकनिष्ठ आहेत, गोव्याच्या आर्चबिशपचे हुकूम इंग्रजांच्या बेटावर चालवतात, हा त्यांच्यावरचा ठपका होता.

बूनने चर्चना कुलपे घातली नाहीत, की त्या आपल्या प्रॉटेस्टंट पाद्र्यांकडेही दिल्या नाहीत. तहातली हमी त्याला मोडायची नव्हती. त्याने चर्च हवाली केल्या त्या कार्मेलाइट पंथाच्या बिशप मॉरिस यांच्याकडे. हे बिशप म्हणजेच ‘महान मोगलाच्या राज्याचे’ व्हिकर अपोस्टोलिक, मातेउस द कास्त्रोच्या पदाचे वारस. कॅथलिक धर्म तोच, पूजाविधी तोच, पोपही तोच. बदलली ती मधली साखळी : लिस्बन आणि गोवा वगळून थेट रोम. प्रॉटेस्टंट कंपनीने पोपच्या खात्याशी हातमिळवणी केली, कारण रोमकडे आरमार नव्हते आणि शेजारी वसईचा किल्ला नव्हता. मोकळेपणाने बोलायचे तर राज्यकर्त्याला धर्माशी वाकडे नसते. धर्मगुरूचा पगार आणि हुकूम कुठून येतो याच्याशी असते. आपल्याकडील काझींच्या नेमणुकांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हे सांगायला नको. १८६४ च्या कायद्याने सरकारी काझीपद बंद झाले आणि १८८० मध्ये पुन्हा काझी कायदा करावा लागला. तिथेही निकाह लावण्याची मोकळीक होतीच, अडचण होती ती नेमणूक कोणाची मानायची ही.

सामान्य कॅथलिकाला याचे काय? पुष्कळ होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये असा नियम केला होता की विवाह आपल्या धर्मग्रामाच्या अधिकृत पाद्र्यासमोर आणि साक्षीदारांसमोर झाला पाहिजे. एरवी तो विवाहच नव्हे. आता गोव्याचा आर्चबिशप म्हणतो की मुंबईतील नवे पाद्री अनधिकृत, आणि नवे पाद्री म्हणतात की आमचा अधिकार खुद्द पोपचा. मग माझगावच्या कोळ्याच्या मुलीचे लग्न लागले की नाही? पापनिवेदन ऐकून दिलेली क्षमा खरी की पोकळ? वरच्या पातळीवर हा दप्तरांचा वाद होता, खाली तो लग्नाचा, बारशाचा आणि मर्तिकाचा होता.

मधेच शब्दांविषयी थोडे, कारण भाषेचा शिक्षक त्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. उर्दूत चर्चला ‘गिरजा’ आणि धर्मगुरूला ‘पादरी’ म्हणतात. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज ‘इग्रेजा’ आणि ‘पाद्रे’ यांवरून आले आहेत. गोव्यात ‘इगर्ज’ आजही आहे. मराठीने ‘पाद्री’ ठेवला, पण इगर्जीच्या जागी इंग्रजी ‘चर्च’ घेतले. वसईच्या जुन्या कॅथलिक घरांत मात्र चर्चला सरळ ‘देऊळ’ म्हणतात.

वसई : मराठ्यांच्या अंमलात

याच सुमारास उत्तर कोकणात दुसरे हस्तांतर झाले, आणि ते तलवारीने झाले. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि साष्टीसह सारा उत्तर प्रांत पोर्तुगीजांच्या हातून गेला. शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. पोर्तुगीज अधिकारी, जमीनदार आणि युरोपीय पंथांचे पाद्री गोव्याकडे निघून गेले. मठ ओस पडले. वसईच्या किल्ल्यात त्यांची खिंडारे आजही पाहायला मिळतात.

मागे उरला तो स्थानिक शेतकरी, कोळी, सामवेदी आणि पानमळेवाला ख्रिस्ती समाज. काही आगरी आणि कोळी कुटुंबे पुढे हिंदू धर्मात परत गेली. बाकीचा मोठा समाज ख्रिस्तीच राहिला, आणि त्याच्यासाठी पाद्री आले ते गोव्याहून. पण ते गोरे नव्हते, गोमंतकीय होते. दीडशे-दोनशे वर्षे ज्यांना दुय्यम मानले होते त्या देशी पाद्र्यांच्या हाती मराठ्यांच्या विजयामुळे धर्मग्रामे आली. ही गोष्ट पुस्तकांत फारशी ठळकपणे येत नाही. त्या मानाने ती फार मोठी आहे. पोर्तुगीज सत्ता गेली आणि धर्म टिकला, एवढेच त्यातून सिद्ध होत नाही. राजसत्तेचा टेकू गेल्यावर धर्माचा कारभार प्रथमच बऱ्याच प्रमाणात त्याच भूमीच्या माणसांकडे आला. पेशव्यांना त्यांच्याकडून धोका वाटला नाही. वसईत आता पोर्तुगीज तोफा नव्हत्या, त्यामुळे पाद्री गोव्याच्या आर्चबिशपला मानतो याचे भय उरले नव्हते. मुंबईत इंग्रजांनी ज्या दुव्याची धास्ती घेतली, तोच दुवा मराठ्यांनी साष्टीत राहू दिला.

एका बेटावर दोन बिशप

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. आता खाडीच्या दोन्ही तीरांवर एकच झेंडा आला, पण धर्मसत्ता दोन झाल्या : साष्टीत गोवा, मुंबईत रोम. खाडीची हद्द राज्याच्या नकाशातून पुसली गेली आणि चर्चच्या नकाशात उमटली.

पोर्तुगाल दरबार लंडनला तक्रारी करतच होता. पोर्तुगाल इंग्लंडचा जुना मित्र. त्याला नाराज करणे कंपनीला परवडणारे नव्हते. १७८९ मध्ये मुंबईतील चर्च गोव्याच्या आर्चबिशपकडे परत देण्यात आल्या. त्यावर दुसऱ्या बाजूने ओरड झाली, आणि १७९१ मध्ये त्या पुन्हा व्हिकर अपोस्टोलिककडे गेल्या. मग पहिल्या बाजूने ओरड झाली. शेवटी १७९४ मध्ये कंपनीने भाऊबंदकीचा वाद मिटवणाऱ्या पाटलाप्रमाणे वाटणी करून टाकली : चारांपैकी दोन चर्च गोव्याच्या, दोन रोमच्या. बेट इवलेसे, चर्च चार आणि बिशप दोन. या व्यवस्थेला दुहेरी अधिकारक्षेत्र म्हणतात.

वाटणीने वाद मिटत नसतो, हे खेड्यातल्या कोणालाही ठाऊक असते. १८३८ मध्ये पोपने एक फर्मान काढून कोचीन, क्रांगानोर आणि मैलापूर येथील पोर्तुगीज गाद्यांचा अधिकार काढून घेतला. लिस्बनमध्ये तेव्हा धर्मपंथांविरुद्ध कायदे करणारे सरकार होते, हेही त्यामागचे एक कारण. गोव्याच्या बाजूच्या पाद्र्यांनी फर्मान मानले नाही. राजाची संमती नाही तर फर्मान लागू नाही, असा त्यांचा युक्तिवाद. रोमच्या बाजूने त्यांना फुटीर ठरवले. या कलहाचा मुंबईतील कळस म्हणजे १८५३ चे माहीमचे सेंट मायकल चर्च. धर्मग्रामातील एका मोठ्या गटाला गोव्याकडे जायचे होते. व्हिकर अपोस्टोलिकचा कारभार पाहणारे बिशप अनास्तासियस हार्टमन हे स्विस कॅपुचिन चर्च सोडायला तयार नव्हते. ते आपल्या माणसांसह आत बसून राहिले आणि बाहेर विरोधकांचा वेढा पडला. शेवटी सरकारी दंडाधिकाऱ्यांनी मध्ये पडून ते मोकळे केले. चर्च गोव्याच्या बाजूला गेले.

दोन्ही बाजूंचे लोक त्याच येशूला मानणारे, तीच जपमाळ ओढणारे होते. मग भांडण इतके विकोपाला का जावे? एक कारण मिळकतीचे. चर्चची जमीन, भाडी आणि देणग्या सांभाळणारी स्थानिक मंडळे असत, आणि बिशप बदलला की हिशेब मागणारा बदले. दुसरे कारण मानाचे. गोव्याच्या बाजूला देशी पाद्री बहुसंख्य होते. रोमच्या बाजूला इटालियन, स्विस, जर्मन. युरोपीय पाद्री देशी पाद्र्यांच्या शिक्षणाची टिंगल करीत, आणि देशी पाद्री आपली तीनशे वर्षांची परंपरा पुढे करीत. ज्या पाद्रुआदोने मातेउस द कास्त्रोला दाराबाहेर ठेवले, तोच पाद्रुआदो दोनशे वर्षांनी देशी पाद्र्यांचा आसरा झाला. आणि ज्या प्रोपगांडाने कास्त्रोला बिशप केले तिचे मुंबईतील प्रतिनिधी सगळे युरोपीय. इतिहासात पक्षांची नावे तीच राहतात आणि आतला मजकूर उलटतो, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात देण्यासाठी मला सापडलेले नाही.

या भांडणाचा एक फायदाही झाला, तो शिक्षणाला. आपापली माणसे धरून ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंना शाळा आणि वर्तमानपत्रे काढावी लागली. आजही निघणारे ‘एक्झॅमिनर’ हे कॅथलिक साप्ताहिक १८५० मध्ये हार्टमन यांच्याच काळात सुरू झाले. पुढे व्हिकरिएट जेझुइटांकडे आले आणि त्यांनी १८६९ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालय काढले.

समेट, आणि नावाचा प्रश्न

१८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात समेटाचा करार झाला. मुंबईला रोमच्या बाजूचे आर्चबिशपपद मिळाले, आणि पोर्तुगालच्या बाजूसाठी दमणची गादी निर्माण झाली. साष्टी दमणकडे गेली. पण मुंबई शहरात दुहेरी अधिकार उरलाच, आणि तोही आता जागेवरून न ठरता माणसावरून ठरू लागला. एकाच चाळीत शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी गोव्याहून आलेले कुटुंब दमणच्या बिशपचे आणि दुसरे मुंबईच्या आर्चबिशपचे, असे होऊ शके.

पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये, मुंबई-साष्टीच्या मूळ मराठीभाषक कॅथलिकांनी आपली संघटना काढली आणि नाव घेतले ईस्ट इंडियन. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचे ते सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. तोवर इंग्रजी कागदपत्रांत त्यांना सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणत, आणि गोव्याचे लोकही पोर्तुगीजच. नोकऱ्यांत गोमंतकीय आणि मंगळुरी कॅथलिकांशी चढाओढ वाढली तेव्हा, आम्ही इथले आणि इंग्रज सरकारचे जुने प्रजाजन, हे दाखवायला त्यांनी केव्हाच बरखास्त झालेल्या कंपनीचे नाव उचलले. घरात मराठीची बोली, अंगावर लुगडे, उपासना लॅटिनमध्ये, आडनाव पोर्तुगीज आणि समाजाचे नाव इंग्रजी कंपनीचे. मुंबईवर जितक्या राजवटी आल्या त्यांपैकी बहुतेकांची खूण या एका समाजाच्या नावागावात सापडते.

दुहेरी अधिकार संपला तो १९२८ मध्ये. दमणच्या गादीचा मुंबईशी मेळ घालण्यात आला आणि असे ठरले की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा. पहिली पाळी पोर्तुगीज जेझुइट जोआकिम लिमा यांची, दुसरी, १९३७ पासून, इंग्रज जेझुइट टॉमस रॉबर्ट्स यांची. ज्या शहरात कॅथलिक जवळजवळ सारे हिंदी, तिथे गादी दोन परक्या देशांत पाळीने फिरायची! रॉबर्ट्स यांना हे पटत नव्हते. १९४६ मध्ये त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप करून घेतले आणि स्वतः मुंबईबाहेर राहून कारभार त्यांच्याकडे सोपवला. १९५० मध्ये पोर्तुगालने भारतीय संघराज्यातील बिशपांविषयीचा आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते कार्डिनल झाले. त्याच १९५३ साली गोव्याच्या आर्चबिशपखाली असलेला पण भारतीय हद्दीत पडणारा मुलुख तोडून, त्यात पुण्याकडील काही भाग घालून, बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत करण्यात आला. गोव्यात अजून पोर्तुगीज होते. राजकीय हद्द आणि धर्मप्रांताची हद्द जुळवून घेण्याची घाई या वेळी रोमला होती.

गोव्यात मात्र घाई झाली नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा आर्चबिशप आणि पूर्वेचे पात्रिआर्क होते जुझे व्हिएरा आल्व्हेर्नाझ, अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज. ते १९६२ मध्ये गोव्यातून गेले, पण पद त्यांच्याच नावावर राहिले. १९४० च्या कराराप्रमाणे गोव्याच्या गादीसाठी नाव सुचवण्याचा हक्क पोर्तुगालकडे होता, आणि पोर्तुगाल तर गोवा गेला हेच मान्य करायला तयार नव्हता. रोमने नवीन आर्चबिशप नेमला असता तर लिस्बनचा रोष, लिस्बनला विचारले असते तर दिल्लीचा. म्हणून प्रशासक नेमून काम चालवले गेले : आधी फ्रान्सिस्कु रेबेलो, १९७२ पासून राऊल गोन्साल्विस. याच वर्षांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे उपासना लॅटिनमधून कोकणीत आली. गोव्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या दृष्टीने झेंडा बदलला त्यापेक्षा प्रार्थनेची भाषा बदलली, हा बदल मोठा असला पाहिजे.

३१ डिसेंबर १९७४ रोजी पोर्तुगालने करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. आल्व्हेर्नाझ यांचा राजीनामा १९७५ मध्ये मंजूर झाला. १९७८ मध्ये राऊल गोन्साल्विस गोव्याचे आर्चबिशप आणि पूर्वेचे पात्रिआर्क झाले. त्या गादीवर बसलेले ते पहिले गोमंतकीय. दिवाडीचा मातेउस द कास्त्रो बिशप होऊन डिचोलीत राहायला आला, त्या नेमणुकीला तोवर ३४१ वर्षे झाली होती.